घोंगडीचं रेडकू

आमच्या घराला आधी भिंती नव्हत्या. तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचा, कूड होता, त्याला आतून-बाहेरून शेणमातीचा लेप, वर पत्रा आणि पत्रा वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर ठेवलेले दगड. कूड म्हणजे भिंत नव्हे हे मला शाळेत गेल्यावर कळलं, कारण वर्गातल्या बाकीच्या पोरींच्या भिंती शेळी खात नसे. आमची खायची. लेप जरा कुठं सुटला की ती बाहेरून तुराट्या ओढायला लागायची, आणि आत जेवायला बसलेल्या आम्हाला भिंतीतून तिचं तोंड दिसायचं. आई भाकरी थापता थापता हाताला लागेल ते फेकून मारायची. मग जेवणं झाली की शेण-माती कालवून भोक बुजवायचं काम माझ्याकडं. आजही रंगवलेल्या, सरळ, गुळगुळीत भिंतीवर हात फिरवताना मला बरं वाटतं. ज्यांच्याकडं पहिल्यापासून भिंती होत्या त्यांना यातलं सुख समजायचं नाही.

माझ्या आजोबांपर्यंत आमचं सगळं मेंढरांच्या मागं चालत होतं. दिवाळी झाली की संसार घोड्यावर टाकून कोकणाकडं उतरायचं, पावसाच्या तोंडाला परत वर यायचं. ते चालणं आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, थांबवलं. कालव्याचं पाणी येणार असं सगळे म्हणत होते, त्या भरवशावर त्यांनी कळप विकला आणि कवठे येमाईच्या शिवारात, आमच्या नावावरच्या खडकाळ तुकड्यावर मुक्काम टाकला. पाणी यायला माझं निम्मं बालपण गेलं. तोवर बाजरी पिकेल तेवढी पिकायची, आई कांदे काढायला रोजानं जायची, आणि संध्याकाळी पुष्कळदा हुलग्याचं माडगं असायचं. ते गरम आणि तिखट असलं की पोटाला जेवल्यासारखं वाटतं. आप्पांनी सवयीनं थोडी मेंढरं ठेवली होती. त्यांची लोकर, गळ्यातल्या घंट्या आणि वास घरभर असे. आणि आप्पांच्या खांद्यावर आजोबांची काळी घोंगडी. आजोबांच्या शेवटच्या कळपाच्या लोकरीची ती घोंगडी होती. ती लोकर आप्पांनी पोरवयात स्वतः कातरलेली होती. उन्हाळ्यातही ती खांद्यावरून उतरायची नाही.

घरात चौथं माणूस म्हणजे बायजाआत्या. आप्पांची थोरली बहीण. नवरा वारल्यावर ती माहेरी आली, ती घरची कर्ती होऊनच. उंच, काटक, आवाज असा की तिनं हाक मारली तर ओढ्यापलीकडची मेंढरं मान वर करायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कुठलं जनावर कधी विणार, कुठलं नाटक करतंय आणि कुठलं खरंच आजारी आहे, हे ती लांबून सांगायची. माणसांच्या बाबतीत तिचे अंदाज तितकेसे बरोबर नसत. माझ्या बाबतीत तर नाहीच. "ही पोरगी," ती आईला म्हणायची, "हिच्या हातात इळा दिला तर बोट कापंल, सुई दिली तर घिऊन बसंल. हिचं काय करायचं गं?"

सुई माझ्या हातात दिली ती दौंडच्या मामीनं. मामा रेल्वेत गँगमन होता. आठवीच्या सुट्टीत तो मला घेऊन गेला. शिरूरला गाडी बदलून दौंडला पोचलो तेव्हा मला वाटलं, हे गाव झोपतच नाही. डब्यांना डबे जोडताना होणारा दणका, इंजिनाची शिट्टी, आणि बाईचा तो ठरावीक आवाज, अमुक गाडी तमुक फलाटावर. पहिल्या रात्री मी दर दणक्याला उठून बसले. आठवडा गेल्यावर दणका झाला नाही तर जाग यायला लागली. सुमनमामी रेल्वेच्या चाळीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. खोलीच्या दाराशी मशीन, आणि मशीनखाली चिंध्यांचं गाठोडं. ते गाठोडं मी पहिल्यांदा सोडलं तेव्हा जत्रेत आल्यासारखं वाटलं. जांभळं, चमकीचं, ठिपक्यांचं, काठाचं. आमच्या घरी कापडाचे रंग दोनच असत, आईच्या लुगड्याचा आणि विटलेला.

मामीनं तिच्या लेकीला एक ससा करून दिला होता. कान लांब, पोटात चिंध्या, डोळ्यांना मणी. मी तो ससा दिवसभर हातातून सोडीना. मामी हसायला लागली. "भाचीबाई, त्याला नुसती कुरवाळत काय बसलीस? दुसरा कर की." मग तिनं दाखवलं. कापड दुहेरी घ्यायचं, चांगली बाजू आत, खडूनं आकार काढायचा, कडेनं शिवत यायचं, दोन बोटं जातील एवढी फट ठेवायची, आणि त्या फटीतून सगळं जनावर सुलटं करून बाहेर ओढायचं. हे सुलटं करणं मला अजून आवडतं. हातात एक चपटी, दोरे लोंबणारी, कशासारखीच न दिसणारी पिशवी असते. बोट घालून ओढलं की आधी कान येतो, मग तोंड येतं, आणि एकदम कोणीतरी तुमच्याकडं बघायला लागतं. इतकी वर्षं झाली, दर वेळी त्या क्षणाला मी मनातल्या मनात "आलास का?" म्हणते.

माझं पहिलं जनावर अर्थातच कोकरू. पांढऱ्या अस्तराच्या कापडाचं. चिंध्या भरल्या तर त्याचं पोट खडबडीत लागायला लागलं, म्हणून मी माझी शक्कल लढवली. आत्यानं मामीला उशी करायला म्हणून मेंढरांची लोकर पिशवीभर पाठवली होती. ती भरली. कोकरू असं गुबगुबीत झालं की मामी म्हणाली, विकत आणल्यावानी दिसतंय. शेजारच्या बाईंच्या मुलीनं ते बघितलं आणि रडून मागून घेतलं. मी मोठ्या मनानं दिलं. मधे वळवाचा शिरवा येऊन हवा दमट झाली, आणि दुसऱ्या दिवशी त्या बाई कोकरू दोन बोटांत शेपटीला धरून दारात.

"सुमन, हे घे बाई तुझ्या भाचीचं. आमच्या ह्यांनी काल सगळी खोली हुडकली. म्हणतात, घरात बोकड शिरलाय."

मामीनं कोकरू नाकाशी नेलं आणि तोंड फिरवलं. मग माझ्याकडं बघितलं. "तू लोकर धुतली नव्हतीस?"

"धुवायची कशाला? स्वच्छच हाय की."

"तुला वास येत न्हाई व्हय?"

मी हुंगलं. पुन्हा हुंगलं. वास कसला, आमच्या घरासारखं वाटत होतं, एवढंच. ते मी सांगितलं तर त्या शेजारच्या बाई आणि मामी एकमेकींकडं बघून इतक्या हसल्या की मामीला पदर तोंडात कोंबावा लागला. मला राग आला होता, पण मामीनं संध्याकाळी रिठे भिजत घातले आणि लोकर कशी धुवायची, पिळायची नाही, नुसती दाबायची, सावलीत वाळवायची, हे सगळं माझ्याकडून करून घेतलं. "ध्यानात ठेव," ती म्हणाली, "भरायच्या आधी धुवायचं. कायबी असू दे." मी ते असं ध्यानात ठेवलं की पुढं एकदा त्यानं सगळं बुडणार होतं.

सुट्टी संपवून मी चिंध्यांचं गाठोडं घेऊन घरी आले. मामानं त्याच्या जुन्या युनिफॉर्मच्या कोटाची पितळी बटणं दिली होती. पहिलाच ससा केला, तो आईला आवडला, आप्पांनी हातात घेऊन उलटा-सुलटा बघितला. आत्यानं मात्र हात लावला नाही.

"संगे, ह्ये काय भरलंयस?"

"ससा हाय आत्या."

"ससा हाय ते दिसतंया. जनावराच्या पोटात भरत कवा असत्यात, ठावं हाय का तुला? मेल्यावर."

आत्या म्हणत होती त्यात तथ्य होतं, ते आज वाचणाऱ्याला सांगायला हवं. म्हैस किंवा गाय व्याली आणि तिचं वासरू मेलं तर ती पान्हा सोडत नाही, दूध वर ओढून धरते. मग पूर्वी मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढं ठेवायचे. आपलंच पिल्लू समजून ती त्याला चाटायची आणि दूध द्यायची. हे कातड्याचं काम गावानं ज्यांच्या गळ्यात बांधलं होतं, त्या बौद्ध वाड्यातल्या लोकांनी ते केव्हाच सोडलं होतं. त्यांची मुलं शिकून नोकऱ्यांना लागली होती आणि ते योग्यच झालं. पण आत्याच्या डोक्यात पेंढा भरलेलं जनावर म्हणजे मेलेलं जनावर हे पक्कं बसलेलं. घरात तसलं करून ठेवलं तर त्या जातीचं एखादं जनावर जाणार.

शेवटी आप्पांनी तोड काढली. जे आपल्या दावणीला आहे ते करायचं नाही. मेंढरू नाही, शेळी नाही, कुत्रं नाही. बाकी काय करायचं ते कर. त्यामुळं आमच्या तुराट्यांच्या घरात जे आम्ही जन्मात बघितलं नव्हतं तेच सगळं राहायला आलं. जांभळा हत्ती, ठिपक्यांचं माकड, चमकीच्या ब्लाउजपिसाचा मोर, भूगोलाच्या पुस्तकातलं बघून केलेला कांगारू, त्याच्या पोटातल्या पिशवीत आई काडेपेटी ठेवायला लागली. मी एकदा विचारलं, "आप्पा, लांडगा करू का? आपल्या दावणीला न्हाई." आप्पा दचकलेच. "लांडगा नगं बाय. मेंढरांस्नी कळंल." आत्याही हसली, पण लगेच तोंड वळवून. ती माझ्या जनावरांना बुजगावणीच म्हणायची. "उचल गं तुजी बुजगावणी, भाकरी खायला बसू दे." पण एकदा ती शेतातून आली तर मी बाहेर होते आणि ती कुडाच्या भोकातून दिसत होती. हत्तीची सोंड हातात धरून वाकवून बघत होती, मग सोडत होती, मग पुन्हा वाकवत होती. मी ओढ्याकडून एक चक्कर मारून आले.

मी हे सगळं का करत होते, असं मला आता मी शिकवते त्या शाळेतल्या सहकारी बाई विचारतात. विकत होतीस का? नाही. कोणी शिकवत होतं का, परीक्षा होती का? नाही. हौस होती. आमच्याकडं प्रत्येक गोष्ट कशाच्या तरी उपयोगाची असायची. कुत्रं राखणीला, कोंबडी अंड्याला, पोरगी पाणी भरायला. कशाच्याच उपयोगाची नसलेली अशी पहिली गोष्ट त्या घरात मी आणली. आणि कोणी ती फेकून दिली नाही, याचा मला आजवर अभिमान आहे.

दहावीला मी चांगल्या मार्कांनी पास होणार हे मास्तरांनी आप्पांना आधीच सांगितलं होतं. पुढचं कॉलेज शिरूरला, म्हणजे रोजची एसटी, पास, कपडे, पुस्तकं. त्या वर्षी आप्पांनी मेंढरं कमी करून एक गाभण म्हैस घेतली होती. अंगानं काळीभोर म्हणून तिचं नाव काजळी. परीक्षा संपल्यावर एका सकाळी तिच्यापुढं वैरण टाकता टाकता आप्पा मला म्हणाले, "ही व्याली की दूध डेअरीला. दूध डेअरीला गेलं की तू शिरूरला." आप्पा कमी बोलत, आणि बोलले की ते झालंच. मी काजळीची इतकी सेवा तोवर कधी केली नव्हती. दोन्ही वेळा तिच्या अंगावर पाणी मारायचे, तिच्या कपाळाला तेल लावायचे. आत्या म्हणायची, "सासूची बी येवढी करू नगंस."

काजळी व्याली. रेडकू नर होता आणि अशक्त निपजला. उभा राहायचा, थरथरायचा, बसायचा. आप्पांनी खांद्यावरची घोंगडी काढून त्याच्या अंगाखाली घातली. घोंगडी त्यांच्या खांद्यावरून उतरलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. रेडकू दिवसरात्र त्या घोंगडीवर पडून असायचा आणि काजळी मान लांब करून त्याला आणि घोंगडीला, दोघांनाही चाटत बसायची. घरात चिकाचा खरवस झाला. गूळ घालून, वेलदोडा नव्हता तर नव्हता, पातेल्यात पाणी उकळून वाफवलेला, वर सुरीनं काप पाडलेले. शेजारच्या वस्तीवर ताटल्या गेल्या. चीक संपून दूध चांगलं पांढरं झालं, आणि एका सकाळी रेडकू उठलाच नाही.

आप्पांनी त्याला बांधाच्या बाभळीखाली पुरलं. संध्याकाळी ते धार काढायला बसले तर काजळीनं कास आखडून घेतली. भरडा पुढं ठेवला, पेंड ठेवली, आप्पांनी पाठीवरून हात फिरवला, आई लांब जाऊन उभी राहिली. थेंब नाही. ती गळ्यातून आवाज काढत बाभळीकडं बघत राहायची. डेअरीचा माणूस आला, म्हणाला, "आप्पा, पान्ह्याची इंजेक्शनं मिळत्यात, टोचा रोज. समदेच टोचत्यात आता." आप्पा म्हणाले, "तिचं पोर गेलंया. वर आनखी सुई टोचू व्हय?" तो गेला. पाहुण्यांतले एक म्हातारे येऊन बसले, त्यांनी मंत्र-तंत्र सुचवले. आत्या घरात गेली, माझे सगळे प्राणी, हत्ती, मोर, माकड, कांगारू, गोणत्यात भरले आणि गोणतं आढ्याला टांगून टाकलं. मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मी भांडले असते. आईनं तिची काडेपेटी तेवढी काढून घेतली होती.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी आप्पा मला म्हणाले, "संगे, औंदा ऱ्हाऊ दे. पुढल्या साली बघू." आमच्यात "पुढल्या साली"चा अर्थ पोरींना बरोबर कळायचा. पारनेरकडचं एक स्थळ यात्रेपासून चकरा मारत होतं. पुढल्या साली माझ्या हातात पुस्तक नसतं, दुसऱ्याच्या घरचा हंडा असता. मी गोठ्यात जाऊन काजळीपुढं बसले. तिचं काय गेलं ते तिला कळत होतं, माझं काय जातंय ते मला.

दुपारची वेळ. आई कांद्यावर गेलेली. धप्प असा आवाज आला म्हणून मी घरात आले तर आत्यानं आढ्याचं गोणतं खाली टाकलं होतं. तिनं जांभळा हत्ती बाहेर काढला, त्याचे पुढचे दोन पाय दोन हातांत धरले आणि कोंबडीची तंगडी उपटावी तसे फाकवून ओढले. मी ओरडले. शिवण उसवली नाही.

"पक्की हाय," आत्या म्हणाली. मग हत्तीकडंच बघत, "रेडकू जमंल का गं तुला?"

"तूच म्हनलीस, तसलं केलं तर त्या जातीचं जनावर जातं म्हणून."

"म्हनले व्हते. ज्ये मरायचं व्हतं ते मेलं. जी जिती हाय तिचं बघ आता."

मी विचारलं, कापड कुठलं? आत्यानं गोठ्याकडं बोट केलं. रेडकाखालची घोंगडी आप्पांनी तशीच दावणीच्या कडेला टाकून ठेवली होती, पुन्हा खांद्यावर घेतली नव्हती. मला बोलायला धीर होईना. आत्याच म्हणाली, "मी इचारते त्याला." आप्पा शेतातून आल्यावर तिनं विचारलं. त्यांनी घोंगडी उचलून अंगणात पसरली आणि खुंटीवरची मेंढरं कातरायची कात्री काढली. "लोकर म्याच कातरली व्हती," ते म्हणाले, "घोंगडी बी म्याच कातरतो. कुठनं कापू सांग." मी खडूनं घोंगडीवर रेडकू काढला.

आणि मग मी काय केलं? दौंडचं शिक्षण. भरायच्या आधी धुवायचं. कायबी असू दे. पोटाचा तुकडा नेऊन मी रिठ्याच्या पाण्याच्या घमेल्यात बुडवला. आत्या तेवढ्यात शेण टाकून आली, आणि तिनं जी किंकाळी फोडली, त्यानं खरोखर ओढ्यापलीकडची मेंढरं उभी राहिली असतील.

"अगं भवाने! वास धुतीस व्हय त्याचा? वास ग्येला तर म्हशीला दावायचं काय, तुजी शिवण?"

मी तुकडा बाहेर काढला तेव्हा त्याचा एक कोपरा तेवढा भिजला होता. रेल्वेच्या चाळीत ज्या वासानं माझी फजिती केली, तो वास माझ्या हातानं मी घमेल्यात घालवायला निघाले होते. आम्ही दोघी अंगणात बसलो. घोंगडीतून साधी सुई जाईना, म्हणून गोणी शिवायचा दाभण घेतला, दोरा म्हणून सुतळी. आत्या कापड ताणून धरायची, मी टोचायची. ती मधूनमधून सांगायची, "मान जरा आखूड, त्येची आखूडच व्हती," "कान खाली पाड." मला आश्चर्य वाटायचं, ती किती निरखून बघत होती. आत बाजरीचं वाळलं सरमाड भरलं, पाठीला लोकर भरली. न धुतलेली. पाय उभे राहीनात. मी इकडंतिकडं बघितलं आणि सरळ घराच्या कुडातल्या तुराट्या उपसल्या. भिंतीला हे मोठं भोक पडलं, पण रेडकू चार पायांवर उभा राहिला. आई संध्याकाळी आली तेव्हा शेळी भोकातून आत डोकावत होती आणि अंगणात काळा रेडकू उभा. आईनं डोक्यावरच्या पाटीतलं सगळं खाली सांडलं.

डोळ्यांना मी मामाची पितळी बटणं लावली होती. घासून, चकचकीत करून. दिवस कलला होता. आप्पांनी रेडकू उचलून काजळीच्या तोंडासमोर ठेवला. उन्हाची तिरीप त्या बटणांवर आली आणि काजळी अशी बुजली की दावं तोडायला निघाली. फुरफुरली, मागं हटली, मग पुढं येऊन तिनं रेडकाला शिंगानं उडवला. माझं सगळं शिवणकाम शेणात उताणं पडलं, चार तुराट्या वर. पलीकडच्या वस्तीवरचे दोघं बघायला आले होते, ते हसले. मी मात्र रडायच्या बेतात होते.

आप्पांनी रेडकू उचलला, झटकला. "डोळं काढ."

"बिनडोळ्याचं कसं दिसंल आप्पा?"

"तिला वास पायजे बाय. डोळं तुला पायजेत."

मी दातानं दोरा तोडून बटणं काढली. काजळीनं चाटावं म्हणून आत्यानं मिठाचं पाणी आणून रेडकाच्या पाठीवर चोळलं, दावणीजवळची त्याच्या बसायच्या जागेची माती पोटाला लावली. पुन्हा ठेवला. या वेळी काजळी लांबूनच थांबली. मान लांब केली. नाकपुड्या उघडल्या, मिटल्या. एक पाऊल पुढं. घोंगडीला तिचं नाक टेकलं आणि ती तिथंच राहिली, किती वेळ मला सांगता यायचं नाही, पण माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या. मग तिच्या गळ्यातून तो आवाज आला, बाभळीकडं बघून काढायची तो नव्हे, व्याल्या दिवशीचा. आणि तिची खरखरीत जीभ आप्पांच्या घोंगडीवरून, मानेपासून शेपटीपर्यंत, चर्र करत फिरली.

आप्पा खाली बसले. बादली मांडीत धरली. पहिली धार बादलीच्या बुडाला लागली तो आवाज मी अजून काढून दाखवू शकते. आधी कोरडा, पत्र्यावर खडा पडावा तसा. मग दूध साचत गेलं तसा जाड, मऊ, फेसातला. आत्या माझ्या शेजारी उभी होती. ती धारेकडं बघत नव्हती, शिवणीकडं बघत होती. "मान आखूडच हाय," ती म्हणाली. बस्स.

पुढं गावात माझी चेष्टा व्हायची ती झाली. "संगीच्या रेडकाचं नाव शाळेत घातलं का?" "जावई म्हणून द्या आम्हाला, वैरण तर खात न्हाई!" पण त्याच लोकांपैकी एकाचं वासरू मेलं आणि गाईनं दूध आखडलं तेव्हा तो गुमान घोंगडीचा तुकडा घेऊन दारात आला. मी करून दिलं. नंतरही एक-दोन करून दिली. सगळी चालली असं नाही. एका म्हशीनं माझं काम शिंगावर घेऊन कुंपणापार टाकलं, तिला मी काही पटले नाही. आमचा रेडकू मात्र काजळीनं चाटून चाटून पार गुळगुळीत केला. मी त्याला ठिगळं लावायची, आत्या ताणून धरायची. काजळी पुढच्या खेपेला पुन्हा व्याली, पारडी म्हणजे मादी झाली, ती धडधाकट जगली, आणि रेडकू सुटीवर गेल्यासारखा आढ्यावर चढला. दावणीच्या जनावरांची बंदी त्यानंतर आपोआप उठली. मेंढरू, शेळी, कुत्रं, सगळं मी केलं. लांडगा तेवढा केला नाही, आप्पा होते तोवर.

आप्पा बोलले होते तसंच झालं. दूध डेअरीला गेलं आणि मी शिरूरला गेले. पहिल्या दिवशी आप्पा एसटीपर्यंत आले. खांदा मोकळा होता, त्यामुळं ते मला निराळेच कोणी वाटले. म्हणाले, "वरल्या दांडीला धर, पडशील." एवढंच. कॉलेजात बरोबरच्या पोरी माझ्या पिशवीतलं अर्धवट शिवलेलं माकड बघून मला "टेडी" म्हणायला लागल्या. मी वाईट वाटून घेतलं नाही. एसटीत खिडकीची जागा मिळाली की मी हातानं शिवायची. शिरूरच्या वाटेवर किती जनावरं सुलटी झाली असतील, कोण जाणे. आता बाजारात भरायला पांढराशुभ्र फायबर मिळतो. दाबला की परत फुगतो, धुवायला नको, कसलाच वास नाही. माझ्या मामेबहिणीच्या नातवंडांसाठी मी तोच वापरते, ती पुण्याची मुलं आहेत. पण शेवटी पाठीत मूठभर लोकर घालतेच. धुऊन. मामीला दिलेला शब्द आहे.

शेवटच्या वर्षाचा निकाल मी शिरूरहून घेऊन आले तेव्हा दौंडहून मामा-मामी आलेले होते. घर आता विटांचं झालं होतं. मामी पेढे वाटत होती, आई नुसतीच सगळ्यांना पाणी देत सुटली होती, तेच ते पाणी, पुन्हा पुन्हा. आप्पांनी निकालाचा कागद हातात घेऊन उलटा-सुलटा बघितला, पहिला ससा बघितला होता तसाच. आत्या कुठं दिसेना. ती आढ्यावरून रेडकू काढत होती. खाली आणला, झटकला, माझ्यापुढं ठेवला. मामीनं वाकून शिवण बघितली आणि म्हणाली, "अगो बाई, ही तर सगळी वरनंच शिवलीय! सुलटं केलंच न्हाईस?" मी म्हटलं, "मामी, घाई होती." सगळे हसले.

आत्या हसली नाही. तिनं कनवटीतून दोन पितळी बटणं काढली. त्या संध्याकाळी मी गोठ्यात टाकून दिली होती, ती तिनं उचलून ठेवली होती.

"आता डोळं लाव त्येला," ती म्हणाली. "आता कुनी बुजायचं न्हाई."

मी तिथंच बसून बटणं लावली. मी बी.ए. झाले होते. आमच्या वस्तीवर आणि आमच्या सगळ्या भावकीत पदवी घेतलेली मी पहिली.